कान कुणाकडून पिळून घ्यावेत: अॅप, पेटी की तानपुऱ्याचा डबा?

आमच्या भजनी मंडळातल्या तिघांनी गेल्या वर्षभरात मला बाजूला घेऊन जवळपास एकच गोष्ट विचारली. रोज रियाजाला बसायचंय, पण बसणं होत नाही. बसलो तरी सूर लागला की नाही हे आपलं आपल्याला कळत नाही. मग फोनवर ते कान तयार करणारं अॅप घेऊ, की तानपुऱ्याचा डबा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक तानपुरा, आणू? पेटी तिघांच्याही घरी होतीच. बेळगावात भजनाच्या घरात पेटी नसेल तर पाहुणे विचारतात, दुरुस्तीला दिली काय म्हणून.

मी गवई नाही. उद्यमबागेत मशीन शॉपला आहे. शाळेत असताना प्रवेशिकेपर्यंतच्या परीक्षा दिल्या, त्यानंतर पंचवीसेक वर्षं गाणं म्हणजे एकादशीचं भजन आणि गणपतीतली आरती. चार वर्षांपूर्वी पुन्हा बसायला लागलो आणि या तिन्ही वाटांनी जाऊन आलो. दिवसभर हातात मायक्रोमीटर असतो, तरी खाली जे लिहितोय त्यात मोजून पाहिलेलं फारसं काही नाही. कानाला जे वाटलं तेवढंच. तुमच्या कानाला वेगळं वाटू शकेल.

सुरुवात अॅपनेच केली, आणि पहिले दोन महिने मी त्याच्यावर खूष होतो. ही अॅप कशी चालतात ते तुम्हाला माहीत असेलच. आधी सा कानात बसवतं, मग एक स्वर वाजवतं, आणि खालच्या बटणांतून तो कुठला ते तुम्ही ओळखायचं. पंचम-मध्यमापासून सुरू करून हळूहळू कोमल-तीव्र सगळे येतात. मी ते कंपनीच्या बसमध्ये इअरफोन लावून करायचो. शहापुरातून निघून उद्यमबागेत पोहोचेपर्यंत वीस-पंचवीस प्रश्न व्हायचे. ज्याला कोमल रिषभ आणि शुद्ध रिषभ यांतलाच फरक कळत नाही, त्याला पहिल्या महिन्यात एवढं पुढे नेणारं दुसरं साधन मला तरी माहीत नाही. गुरुजी समोर बसवून शंभर वेळा तोच स्वर वाजवत नाहीत. त्यांनी वाजवू पण नये, वेडे होतील.

माझे गुण नव्वदच्या वर गेले. सलग किती दिवस केलं त्याचा आकडा वाढत गेला. बायकोने एकदा विचारलंसुद्धा, गाणं शिकायलायस की गेम खेळायलायस? मी हसण्यावारी नेलं.

मग कार्तिकी एकादशी आली. बुवांनी अभंगाची एक ओळ माझ्याकडे दिली. चाल भीमपलासी रागाच्या अंगाची, ओळ कोमल गंधारावर येऊन टेकणारी. मी टेकलो आणि थांबलो. पुढची ओळ मला पाठ होती, लहानपणापासून म्हणतोय. तरी थांबलो. पखवाजवाल्याला वाटलं मी शब्द विसरलो, त्याने एक आवर्तन भरून काढलं. पेटीवाल्याने गंधार जरा जोरात दाबला, तेव्हा कुठे मी पुढे सरकलो. घरी येताना लक्षात आलं की मी टिंग वाजायची वाट बघत होतो.

ती टिंग म्हणजे बरोबर उत्तर दिल्यावर अॅप वाजवतं ती घंटी. माझं सगळं त्या टिंगवर येऊन अडलं, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो. दुसऱ्या कुणाला हे अगदी क्षुल्लक वाटेल.

एक तर तिचा स्वर. मी काळी एकमध्ये गातो, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी हा माझा सा, अॅपमध्येही तोच लावलेला. पण टिंग सा बघून वाजत नाही, तिचा स्वर ठरलेला. माझ्या कानाला ती कोमल धैवत आणि शुद्ध धैवत यांच्या मधे कुठेतरी पडायची. म्हणजे मी मेहनतीने सा धरून ठेवायचा, त्यावरून मध्यम ओळखायचा, आणि बक्षीस म्हणून अॅपने त्या सा-मध्यमाच्या मधोमध दगड टाकायचा. पुढच्या प्रश्नाला सा पुन्हा नव्याने बसवावा लागायचा. ज्या साधनाने सा पक्का करायचा त्यानेच तो दर अर्ध्या मिनिटाला हलवायचा. सेटिंगमध्ये जाऊन टिंग बंद केली. थोड्या दिवसांनी अॅपची नवी आवृत्ती आली आणि टिंग परत सुरू झाली. पुन्हा बंद केली, पुन्हा आली. तिसऱ्यांदा मी नाद सोडला.

दुसरं, तिची घाई. उत्तर दाबलं की लगेच निकाल. चुकलं तर वेगळा आवाज, बरोबर असेल तर टिंग. मधे शंकेला जागाच नाही. हा गंधार थोडा उतरलाय का, असं मनात येऊन तो स्वर पुन्हा ऐकावासा वाटणं, पुन्हा लावून बघणं, हे व्हायच्या आतच दुसऱ्याने सांगून टाकलेलं असतं. एकादशीला मला गंधार लागला नव्हता असं नाही. लागला होता. पण तो लागलाय हे ठरवायचं काम माझ्याकडे आहे, हेच मी विसरलो होतो.

सगळी अॅप अशीच असतील असं म्हणणं बरोबर होणार नाही. मी दोन वापरली. टिंग न वाजवणारं एखादं तुम्हाला मिळालं तर माझी निम्मी तक्रार तिथेच संपते. आणि वाढत्या आकड्याने काही जणांचा हुरूप टिकतो हे मी पाहिलंय. माझा आकडा मात्र एका लग्नासाठी निपाणीला दोन दिवस गेलो तेव्हा शून्यावर आला, आणि त्यानंतर आठवडाभर मी अॅप उघडलंच नाही. आकडाच गेला, आता कशाला, असं काहीसं. सवय लावणाऱ्या गोष्टीनेच सवय मोडली.

आता पेटी. बेळगावात बसून पेटीविरुद्ध लिहायचं म्हणजे कुंद्याला नावं ठेवण्यासारखं आहे. कागवाडला 1917 मध्ये जन्मलेल्या रामभाऊ विजापुऱ्यांनी 2010 पर्यंतचं आपलं आयुष्य या गावात पेटी वाजवण्यात आणि शिकवण्यात घातलं, त्यांच्या हाताखालून गेलेली माणसं इथे गल्लोगल्ली भेटतात. आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीला दार बंद केलं आणि 1971 मध्ये ते किलकिलं केलं, पण त्या तीस-एकतीस वर्षांत आमच्याकडच्या देवळांतल्या पेट्या काही गप्प बसल्या नाहीत. तेव्हा जे म्हणायचंय ते जपून म्हणतो.

पेटीवर बोट ठेवलं की स्वर आयता येतो, आणि गळा त्याला टेकून चालायला लागतो. म्हाताऱ्याने काठीला टेकावं तसा. मी पेटी घेऊन सकाळी अलंकार म्हणायचो, झकास वाटायचं. एक दिवस भाता थांबवून तीच ओळ नुसत्या गळ्याने म्हटली. भिंतीपलीकडच्या अक्का अंगणात तुळशीला पाणी घालत होत्या. त्या कन्नड भजनं म्हणतात, दासांची पदं त्यांना शेकड्याने पाठ आहेत. त्यांनी तिथूनच सांगितलं, "श्रुती सरी इल्ल री." सूर बरोबर नाही हो. म्हणजे इतके दिवस बरोबर होती ती पेटी.

स्वरांच्या अंतराचा मुद्दा जाणकार लोक काढतात, तोही थोडक्यात सांगतो. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, अॅपमधल्या पियानोतही तेच. सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग. सारख्या भागांतला शुद्ध गंधार सा पासून 400 सेंटवर येतो. तानपुऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार 386 सेंटच्या आसपास. चौदा सेंटचा हा फरक पंचमात जवळजवळ नसतो, तिथे तो दोनच सेंटचा आहे, म्हणून पेटीवर पंचम गोड लागतो आणि गंधार जरा टोचतो. मला हा फरक सुरुवातीला कळत नव्हता. आता कधीकधी कळतो. भजनात मात्र पेटी साथीला असतेच, आणि तिथे तिच्या गंधाराशी भांडून काही उपयोग नाही. शिवाय आमच्याकडच्या पावसाळ्यात तिच्या पट्ट्या अडकतात ते वेगळंच. जुलैमध्ये माझ्या पेटीची धैवताची पट्टी दाबली की वर येत नाही.

डबा मी असाच अपघाताने घेतला. पेटीचे सूर घासून घ्यायला एका कारागिराकडे गेलो होतो, त्याच्या फळीवर जुना इलेक्ट्रॉनिक तानपुरा पडलेला. आकडे दाखवणारा पडदा नाही, नुसत्या फिरवायच्या खुंट्या. अठराशे रुपयांना दिला. वर म्हणाला, "जुना आहे, सूर सरकतो, रोज जुळवून घ्यायला लागेल." ही त्याने खोट म्हणून सांगितली होती.

बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी 1979 मध्ये इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार केला, तेव्हापासून हे डबे पुष्कळ सुधारत गेले. नवे चालू केले की काल जिथे सोडले तिथेच सुरात उभे असतात. माझा तसा नाही. रात्रभर थंड पडलेला असतो, सकाळी चालू केला की पंचम जरा उतरलेला किंवा चढलेला, आणि पहिली दहा-पंधरा मिनिटं गरम होईपर्यंत हळूहळू सरकत राहतो. म्हणून रोज बसल्यावर पहिलं काम खुंटी पिळायचं.

हे काम कसं असतं ते सांगतो, कारण माझ्या मते सगळं इथेच आहे. दोन स्वर अगदी जवळ असतात पण एक नसतात, तेव्हा आवाजात हेलकावे येतात. एकाची कंपनं सेकंदाला 200 आणि दुसऱ्याची 202 असली तर सेकंदाला दोन हेलकावे. शॉपमध्ये शेजारी शेजारी दोन मोटारी जवळपास एका वेगाने फिरत असल्या की जो वँव वँव आवाज येतो, तोच प्रकार. जोडाच्या, म्हणजे मधल्या सा च्या दोन, तारा जुळवताना खुंटी केसभर फिरवली की हेलकावे संथ होतात, आणखी केसभर फिरवली की लांबतात, आणि मग एका क्षणी आवाज सपाट होऊन जणू खाली बसतो. पुढे गेलात की परत सुरू. पंचमाचंही तसंच, फक्त तिथे हेलकावे जास्त बारीक असतात, शोधावे लागतात. कुणी टिंग करत नाही. झालं की नाही ते तुम्ही ठरवायचं. सुरुवातीला मला पाच-सहा मिनिटं लागायची आणि तरी खात्री नसायची. ती खात्री नसणं मला हवंसं वाटायला लागलं.

आणि सवय लागली ती यानेच. उठून गायचंय, असं मनाशी म्हटलं की मन शंभर कारणं काढतं. घसा बसलाय, उशीर झालाय, पोरांची शाळा. म्हणून मी एवढंच ठरवलं की रोज सकाळी डबा जुळवायचा. गायचं नाही गायचं ते नंतर. दोन-तीन मिनिटांचं काम, चहा ठेवण्याइतकं. पण जुळलेला तानपुरा समोर चालू असताना तोंड मिटून उठणारा माणूस मी अजून पाहिला नाही. वीस मिनिटं सहज होतात. एखाद्या दिवशी चुकलं तर डब्याला त्याचा पत्ता नसतो, दुसऱ्या दिवशी तो तसाच बेसूर बसलेला असतो आणि त्याला सुरात आणणं भाग पडतं.

त्या वीस मिनिटांत काय करतो? आधी खर्ज, म्हणजे खालच्या सप्तकातले स्वर, एका श्वासात एक. मग गंधार. तानपुऱ्यातून तो आपोआप ऐकू येतो असं म्हणतात. माझ्या डब्यातून तो खरंच अंधुक येतो की मलाच तसं वाटतं, ते सांगता येणार नाही. तरी मी त्याच्याशी गळा जुळवत बसतो. शेवटी पेटी काढतो, पण उलट क्रमाने: आधी स्वर गायचा, मग पट्टी दाबून बघायची. मुलगी रिकामी असेल तर ती माझ्या पाठीमागे बसून एकेक पट्टी दाबते आणि मी नाव सांगतो. चुकलो की ती हसते. टिंगपेक्षा ते बरं. शनिवारी पहिली तार पंचमावरून काढून निषादावर किंवा मध्यमावर नेतो, मारवा नाहीतर मालकंस गायला, या रागांत पंचम नसतो. पंचम गेला की पायाखालची फरशी काढल्यासारखं होतं, त्या दिवशी सा किती कच्चा आहे ते कळतं.

एकदा कान असा चालायला लागला की बंद होत नाही, ही एक डोकेदुखी. आमच्या कोपऱ्यावरच्या डीपीची गुणगुण मी आता स्वर म्हणून ऐकतो. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, ट्रान्सफॉर्मर त्याच्या दुप्पट म्हणजे 100 वर घुमतो. माझ्या काळी एकच्या सा वरून धरलं तर ते तीव्र मध्यम आणि पंचम यांच्या मधे पडतं, ना धड इकडे ना धड तिकडे. रात्री झोपताना तो आवाज आला की पंचमापर्यंत ओढून नेऊ वाटतो. डब्याला स्वस्तातला अॅडॅप्टर लावलात तर हीच गुणगुण डब्यातून येते, तेव्हा तिथे दोनशे रुपये वाचवू नका.

मग डब्यात वाईट काय? पुष्कळ आहे. आवाज एकसुरी, दर आवर्तन तंतोतंत सारखं, पंधरा मिनिटांनी कान त्याला ऐकेनासा होतो. लाईट गेली की सेल टाकावे लागतात, आणि सेल उतरत आले की माझ्या डब्याचा सूरही उतरतो. बसमध्ये नेता येत नाही. कुठला स्वर कुठला हे तो तुम्हाला शिकवत नाही. ज्याला स्वरांची नावंच अजून कानात बसलेली नाहीत, त्याच्यासमोर नुसता डबा ठेवला तर तो आठ दिवसांत कंटाळेल. तिथे अॅपच बरं. खानापूरहून रोज रेल्वेने ये-जा करणारा असेल, हॉस्टेलवर राहणारी पोरगी असेल, लहान मूल असेल, तरी अॅपच. दोन महिने करा, आणि गुण नव्वदच्या वर गेले की जरा सावध व्हा.

तुम्ही म्हणाल, फोनवर तानपुराही मिळतो की, मग वेगळा डबा कशाला? बरोबर आहे. फोनवरचे चांगले तानपुरे खऱ्या वाद्यावरून ध्वनिमुद्रित केलेले असतात, आवाज माझ्या डब्यापेक्षा नक्कीच सरस. मंडळातल्या एकाने तेच घेतलं आणि तो खूष आहे. माझी अडचण एवढीच की तिथे सगळं आधीच जुळलेलं असतं. बोट लावलं की सुरात सुरू. मला रोज सकाळी जे दोन मिनिटं करायला मिळतं तेच त्याने परस्पर करून टाकलेलं असतं. यावर उपाय म्हणून तो सा मुद्दाम आकडे न बघता हलवून परत जागेवर आणतो म्हणे. तेवढा संयम असेल तर पैसे वाचवा.

आणि खरा तानपुरा? मिरज आमच्यापासून रेल्वेने काही तासांवर. तिथल्या सतार-तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं, भोपळे मंगळवेढ्याकडून येतात. एकदा एका दुकानात बसून चार तारा छेडून आलो. घोडीवर दोरा केसभर सरकवला की जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, कशी उघडते ते कारागिराने दाखवलं. जे मी डब्यावर दोन वर्षं खुंटी पिळून शोधत होतो ते तिथे एका मिनिटात कानात शिरलं. बेळगावजवळच्या सुळेभावीत 1924 मध्ये जन्मलेले कुमार गंधर्व तंबोरे जुळवण्यात किती जीव ओतायचे याच्या गोष्टी आमच्याकडची जुनी माणसं सांगतात, त्या तिथे बसल्यावर पटल्या. पण दोन खोल्यांचं घर, दोन पोरं आणि चार महिने भिंतींना ओल. सध्या नाही.

तेव्हा तिघांना मी जे सांगितलं तेच इथे सांगतो. पेटी आहे ती राहू दे, पण तिला शेवटी विचारा. अॅप फुकटात मिळतंय तोवर महिना-दोन महिने वापरून बघा, बसमध्ये वापरा, सकाळी नको. आणि डबा घ्यायचा झाला तर जमलं तर जुना, खुंट्यांचा बघा. नवाच हवा असेल तर निदान प्रत्येक तार हाताने बारीक हलवता येईल असा. जुना घेताना अर्धा तास चालू ठेवून बघा: सुरुवातीला सरकून नंतर स्थिरावला तर घ्या, अर्ध्या तासानंतरही पळत असेल तर ठेवा परत. दुकानदार आवाज मोठा करून दाखवतात. तुम्ही एकदम बारीक करून ऐका, घरघर असली तर तिथेच कळते.